सोनेरी काठाची वाटी

गेल्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील एका वयोवृद्ध भगिनींच्या घरी आमचे जाणे झाले. परगावी नोकरीस असलेल्या मुलाने घेऊन दिलेली मायक्रोवेव्ह भट्टी कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली दिसली. चौकशी करता कळले, की सोनेरी काठाच्या वाटीत हुमण गरम करावयास ठेवले, तोच आत ठिणग्या उडाल्या व काठ काळा पडला. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या या माउली रात्री गारच जेवतात. "आग लागली तर धावून कोण येणार?" हा त्यांचा प्रश्न.

ही भीती अनाठायी नव्हे; पण कारण उमगले म्हणजे भीतीला मर्यादा पडते. म्हणून हे थोडे विवेचन.

या भट्टीचे मूळ रडारविद्येत आहे. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांना रडारच्या मॅग्नेट्रॉन नळीची ही उष्णता देण्याची शक्ती ध्यानात आली. घरगुती भट्टीतील लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी आंदोलने घेतात. त्यांच्यामुळे अन्नातील पाण्याचे रेणू हेलकावतात व अन्न तापते. काच आणि चिनीमाती यांतून या लहरी आरपार जातात. धातू मात्र त्यांना परतवून लावतो. भट्टीच्या आतील भिंती धातूच्या असतात त्या याचसाठी. स्टीलच्या डब्यातील भात नीट तापत नाही, त्याचेही कारण हेच.

मग ठिणगी का पडते? धातू जाड, गुळगुळीत व गोलसर असेल तर पुष्कळदा काहीच घडत नाही. परंतु काट्याच्या टोकांशी किंवा चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाच्या कडांशी विद्युत्क्षेत्र एकवटते. ते सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टपर्यंत चढले, की हवाच वाहक बनते आणि ठिणगी उडते. सोनेरी काठ तर अतिशय पातळ. तो झटकन तापतो व जागोजाग तुटतो, आणि त्या खंडांतून ठिणग्या पडतात.

डिचोली तालुक्यातील एका गावाचे नावच कासारपाल. तांब्यापितळेचा आपल्याकडे असा मान. पण त्यांचे स्थान चुलीवर, या भट्टीत नव्हे. मातीचे भांडे चालेल, मात्र त्यात मुरलेले पाणीही तापते, तेव्हा ते फडक्यानेच धरावे. ठिणगी दिसताच यंत्र बंद करावे. आत ज्वाळा असेल तर दार न उघडता वीज तोडावी. भट्टी रिकामी कधीही चालवू नये.

हे सारे सांगून आम्ही एका साध्या काचेच्या वाडग्यात हुमण ठेवले. दोन मिनिटांत वाफ आली, ठिणगी आली नाही. माउलींनी सोनेरी वाट्या पुसून कपाटात ठेवल्या. मुलगा चवथीला येईल तेव्हा बाहेर काढू, म्हणाल्या. त्या रात्री त्या गरम जेवल्या.