भवन कशाला, शाळा आहे की!

आपल्या मराठी मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत इमारत निधीचा विषय निघाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘आपली हक्काची वास्तू’ म्हटलं की परदेशातल्या मराठी माणसाचा गळा दाटतो आणि हात खिशाकडे जातो. माझा गेला नाही.

गेली अकरा वर्षं आपला गणपती इथल्या एका माध्यमिक शाळेच्या हॉलमध्ये बसतो. चपला लॉकरच्या रांगेपाशी, मखर बॅडमिंटनच्या रेघांवर. कापूर लावायचा तो बाहेर, सायकली ठेवतात त्या छपराखाली. कारण एका वर्षी आरती ऐन रंगात असताना धुराचा अलार्म वाजला आणि सगळी मंडळी, हातात प्रसादाचे द्रोण घेऊन, पावसात पार्किंगमध्ये उभी राहिली. मे-जूनमध्ये तर हॉल जीसीएसई परीक्षेच्या बाकांनी भरलेला, तेव्हा विचारायचीही सोय नाही. गैरसोय आहे, नाही म्हणत नाही. पण अकरा वर्षांत आपण त्या शाळेचे भाडेकरूच राहिलो, हा दोष शाळेचा नाही.

शाळा सगळ्या वस्तीची कशी करायची, या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने काढून ठेवलंय. हेन्री मॉरिस 1922 पासून केंब्रिजशायरच्या शिक्षण खात्याचा प्रमुख होता. काउंटी शेतीची, तिजोरी रिकामी. खेड्यातल्या शाळेत पाच वर्षांच्या पोरापासून चौदाच्यापर्यंत सगळे एकत्र, आणि शाळा संपली की तरुण मुलं शहराची वाट धरायची. 1924 मध्ये मॉरिसने एक टिपण छापलं. त्यातला हिशेब आपल्या खजिनदारांना आवडेल असा होता. शाळा, वाचनालय, सभागृह, आरोग्य तपासणीची खोली, मोठ्यांचे वर्ग यांना वेगवेगळ्या इमारती कुठून आणायच्या? सगळं एकाच आवारात आणा आणि मधोमध माध्यमिक शाळा ठेवा. दिवसा मुलं, संध्याकाळी त्यांचे आईबाप. नाव ठेवलं ‘व्हिलेज कॉलेज’. तिथल्या प्रमुखाला हेडमास्तर नव्हे, वॉर्डन म्हणत. मुलांचा वर्ग आणि मोठ्यांचा वर्ग, दोन्ही त्याच्याच अंगावर. (त्याच 1924 साली भाऊराव पाटील साताऱ्यात वसतिगृह उभं करत होते. गरीब मुलखात शिक्षणाचा विचार करणाऱ्याला आधी छपराचाच विचार करावा लागतो, मग तो सातारा असो की केंब्रिज.)

पहिलं कॉलेज 1930 मध्ये सॉस्टनला उघडलं. 1939 मध्ये झालेलं इम्पिंग्टन मात्र मुद्दाम जाऊन बघावं असं आहे. जमीन दिली शेजारच्या हिस्टनच्या जॅमवाल्या चिव्हर्स कुटुंबाने. आराखडा वॉल्टर ग्रोपियसचा, म्हणजे बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या संस्थापकाचा, आणि मॅक्सवेल फ्रायचा. नाझींच्या जर्मनीतून आलेला ग्रोपियस इमारत उभी राहण्याआधीच अमेरिकेला गेला. फ्राय पुढे चंडीगडच्या बांधणीत आपल्याकडे येऊन राबला. इमारत अंगावर येत नाही. विटांची, बुटकी, भल्यामोठ्या खिडक्यांची. सभागृह पंख्यासारखं पसरत जाणारं. आणि एक बाजू किंचित वळत गेलेली, ती खास मोठ्या माणसांसाठी. माझा सगळा मुद्दा त्या वळणात आहे. मुलं घरी गेल्यावर उरलेल्या खोल्या गावकऱ्यांच्या गळ्यात मारलेल्या नाहीत. पहिल्या नकाशातच त्यांची जागा आखलेली आहे.

आता सगळं तसंच उरलंय असं नाही. या शाळाही अकादमी ट्रस्टांकडे गेल्या, संध्याकाळच्या वर्गांना फी पडते. पण शाळा ही सगळ्या वस्तीची, ही समजूत इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. आपल्याच पडलेली नाही.

आपलं शाळेशी नातं काय? दहाव्या वर्षापासून इलेव्हन-प्लस प्रवेशपरीक्षेचा क्लास. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडचा अहवाल तोंडपाठ. ज्या भागात चांगली शाळा, तिथे ऐपतीबाहेरचं घर. एकदा प्रवेश मिळाला की वर्षातून एक पेरेंट्स इव्हनिंग, प्रत्येक शिक्षकापुढे पाच मिनिटं, तीही मूल गणिताच्या कुठल्या सेटमध्ये, यावर वाद घालण्यात. समर फेअरला केक द्यायचा तर सुपरमार्केटमधला. शाळेच्या गव्हर्नर मंडळावर बिनपगारी पालक लागतात, ते पालकांमधूनच निवडतात. हिशेब तपासणारे, बांधकाम जाणणारे लोक त्यांना हवेच असतात, आणि आपल्याकडे ते पैशाला पासरी आहेत. सभेत मी विचारलं, इथे गव्हर्नर कोण कोण आहे? एक हात वर आला. त्या वहिनी गुजराती आहेत.

भवन बांधलं तर कापूर आत लावता येईल, हे मान्य. मग छत गळेल, बॉयलर बंद पडेल, विमा भरावा लागेल आणि हे सगळं बघायला आत्ता आहेत तीच सहा माणसं असतील, दहा वर्षांनी म्हातारी झालेली. आपल्या मुलांना त्या भवनात बोलवावं लागेल. शाळेच्या हॉलमध्ये मात्र ती न बोलवता येतात, आणि मित्रांना घेऊन येतात. मागच्या वर्षी लेझीमच्या रांगेत निम्मी पोरं मराठी नव्हती.

म्हणून माझी सूचना साधी आहे. निधीतली काही रक्कम शाळेच्या रंगमंचाच्या दिव्यांसाठी द्यावी आणि त्या बदल्यात गणपतीच्या तारखा आणि सामानाला एक कपाट मागून घ्यावं. रविवारचा मराठी वर्ग कोणाच्या तरी गॅरेजमधून उचलून शाळेत न्यावा आणि तो मोठ्यांसाठी, शेजाऱ्यांसाठीही खुला ठेवावा. अमराठी सुनेला आणि इंग्रज जावयालाही बसायला खुर्ची मिळेल.

ठरावाच्या वेळी मी विरोधात हात वर करणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. पालक-गव्हर्नरचा अर्ज भरलाय. अर्जावर एक अनुमोदक पालक लागतो. इच्छुकांनी गणपतीत प्रसादाच्या टेबलापाशी भेटावं.