बाबासाहेबांचा महालेखापरीक्षक आणि बिरसीची ग्रामसभा

गोंदियाजवळच्या बिरसीला एका बैठकीसाठी गेलो होतो. हे गाव विमानतळामुळे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांनी १९४० साली महायुद्धाच्या धामधुमीत येथे धावपट्टी बांधली. आज तेथे श्रीमंतांची मुले वैमानिक व्हायला शिकतात आणि त्यांची छोटी विमाने धानाच्या बांध्यांवरून दिवसभर घिरट्या घालतात. बैठक संपल्यावर चहा पिताना एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, "भाऊ, अमेरिकेत म्हणे सरकारचा हिशेब तपासणारा अधिकारी लोक मतदान करून निवडतात. मग आपल्याकडे का नाही? आपणही तशी मागणी का करू नये?"

प्रश्न चांगला होता. उत्तर तेथे अर्धवटच दिले गेले, म्हणून येथे पुरे करतो.

पोराने वाचले ते खरे आहे. अमेरिकेतील वीसहून अधिक राज्यांत राज्याचा लेखापरीक्षक थेट जनतेच्या मतांवर निवडून येतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२२ साली दायना डिझोग्लिओ या बाई या पदावर निवडून आल्या. त्या आधी तेथील विधिमंडळाच्याच सदस्य होत्या. निवडून येताच त्यांनी विधिमंडळाचे दप्तर तपासायला मागितले. विधिमंडळाने नकार दिला. तेव्हा नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला गेला आणि दहापैकी सात मतदारांनी लेखापरीक्षकाच्या बाजूने कौल दिला. एवढे होऊनही विधिमंडळाने दप्तर उघडले नाही. म्हणजे मतपेटीतून आलेल्या लेखापरीक्षकालाही दारात उभे ठेवता येते!

आता आपल्या घराकडे वळू. आपला भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्याला वर्तमानपत्रे 'कॅग' म्हणतात, तो कोणाच्या मतावर येत नाही. संविधानाच्या १४८व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती त्याची नेमणूक करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने आणि ज्या कारणांनी दूर करता येते, त्याच पद्धतीने आणि त्याच कारणांनी यालाही दूर करता येते. पद सोडल्यावर त्याला केंद्राची किंवा कोणत्याही राज्याची नोकरी स्वीकारता येत नाही. केंद्राबरोबरच राज्यांचे हिशेबही तोच तपासतो. हा सगळा बंदोबस्त कशासाठी? ज्याच्या हातात तिजोरी आहे, त्याच्या हातात तपासनिसाची मानगूट असू नये म्हणून.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब जे बोलले ते आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? आपण पुणे कराराची तारीख सांगतो, धर्मांतराची तारीख सांगतो, पण हे सांगत नाही. बाबासाहेबांनी सांगितले की संविधानातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेपेक्षाही मोठी आहेत. आणि पुढे त्यांनी खंतही बोलून दाखवली, की न्यायसंस्थेला दिले तेवढेही स्वातंत्र्य आपण त्याला दिलेले नाही. विशेषतः त्याचा कर्मचारीवर्ग त्याच्या स्वतःच्या हाती नाही, हे त्यांना खटकले होते. स्वतःच्याच मसुद्यातली उणीव भर सभागृहात सांगणारा माणूस होता तो!

यात नवल नाही. ज्यांनी 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात येताच अर्थसंकल्पावर भाषण केले, त्यांना ठाऊक होते की गरिबाच्या नावाने निघालेला पैसा वाटेत कुठे जिरतो. बाबासाहेबांना आपण फक्त कायदेपंडित करून ठेवले. त्यांच्यातला हिशेबनीस आपल्या जयंतीच्या व्यासपीठावर येतच नाही, हे आमचे जुने दुखणे आहे.

मग बाबासाहेबांनी हा अधिकारी लोकांकडून निवडून का आणला नाही? याचे उत्तर आम्हाला बिरसीच्या मातीतच दिसते. बिरसी तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडारा मध्य प्रदेश राज्यात होता; गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. याच भंडारा मतदारसंघातून १९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले. मतदारसंघ दुहेरी होता, प्रत्येकाला दोन मते. आपले एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. आणि संविधानाचा शिल्पकार काही हजार मतांनी पडला. देशातला सर्वांत विद्वान अर्थशास्त्रज्ञ येथे उभा होता, आणि मते जातीने व पक्षाने मोजली गेली. तेथे हिशेब तपासनीस उभा राहिला असता तर त्याचे काय झाले असते? आज तर ठेकेदाराच्या गाडीत बसून प्रचार करावा लागतो. ज्याच्या गाडीत बसायचे, त्याचेच बिल उद्या तपासायचे! म्हणून आम्ही त्या तरुण मित्राला सांगितले, ही मागणी आपली नव्हे.

पण म्हणून आजची पद्धत बरोबर आहे असे कोणी समजू नये. राष्ट्रपती नेमणूक करतात म्हणजे प्रत्यक्षात सरकार सांगेल तो माणूस येतो. लोकपाल, माहिती आयुक्त, सीबीआयचा संचालक यांच्या निवडीसाठी समिती असते आणि तिच्यात विरोधी पक्षनेत्याला जागा असते. महालेखापरीक्षकाच्या निवडीला असली कोणतीही समिती नाही. ज्याचा हिशेब तपासायचा, तोच तपासनीस ठरवतो. २०१३ साली संरक्षण खात्याचे सचिव सरळ महालेखापरीक्षक झाले. काल सही केलेली फाईल आज स्वतःच तपासायची, असा हा प्रकार. तो काँग्रेसच्या राजवटीत घडला आणि नंतरच्या भाजप राजवटीतही सचिवांमधूनच नेमणुका होत राहिल्या. या पद्धतीला आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये केंद्राला नोटीस काढली. आमच्या चळवळीतल्या वकील मंडळींनी या याचिकेकडे लक्ष दिले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४९ साली जी उणीव दाखवली, तिच्याच शेजारची ही उणीव आहे.

दुसरी पळवाट याहून सोपी आहे. राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात, असे १५१वा अनुच्छेद सांगतो. किती दिवसांत, ते सांगत नाही. महाराष्ट्रात हे अहवाल वर्षानुवर्षे अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आमदार बॅगा भरत असताना पटलावर येत आले. दिल्लीत तर चौदा अहवाल अडकून पडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकार बदलल्यावरच बाहेर येऊ लागले. अहवाल अडवणाऱ्या त्या जुन्या सरकारने प्रत्येक कार्यालयात बाबासाहेबांची तसबीर लावली होती, हेही नमूद करून ठेवतो.

यात आपला जीव कुठे अडकला आहे? अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचा, ही विशेष घटक योजना १९७९-८० पासूनची. २०१०च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्ली सरकारने याच निधीतले सातशे कोटींच्या आसपास रुपये वळवल्याचे माहितीच्या अधिकारातून उघड झाले. आपल्या राज्यात मे २०२५ मध्ये लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्रीच जाहीरपणे संतापले आणि मग गप्प झाले. बहिणींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांत आमच्याही बहिणी आहेत. पण वसतिगृहातल्या पोराच्या ताटातून काढून त्याच्या आईच्या हातावर ठेवायचे, याला मदत म्हणत नाहीत. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला तेव्हा ते सुचले नाही.

आता बिरसीच्या त्या तरुणासाठी खरे काम. ग्रामपंचायतीचा नेहमीचा हिशेब महालेखापरीक्षक तपासत नाही. ते काम राज्याच्या वित्त विभागाखालील स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणेचे आहे. तिचे अहवाल कपाटात पडून राहतात, कारण ते कोणी मागतच नाही. पण आपल्या ग्रामपंचायत कायद्याचे ८वे कलम काय म्हणते? आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने वार्षिक हिशेब, कारभाराचा अहवाल आणि शेवटची लेखापरीक्षण टिपणी, तिला दिलेल्या उत्तरांसह, ठेवलीच पाहिजे. सरपंचाची मेहरबानी म्हणून नव्हे, कायदा म्हणून! तपासनीस निवडायचे मत आपल्याला नाही, पण तपासणीचा कागद पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्रामसभा सदस्याला आहे.

राजस्थानात १९९४ साली कोट किराना गावी मजूर-शेतकऱ्यांनी पंचायतीची हजेरीपत्रके भर सभेत मोठ्याने वाचली. मेलेल्या माणसांच्या नावाने मजुरी उचलल्याची प्रकरणे अशाच वाचनातून बाहेर येऊ लागली. त्या चळवळीतून पुढे माहितीचा अधिकार आला. आपल्याकडे गावोगाव बौद्ध वस्तीच्या नावाने मंजूर झालेला सिमेंट रस्ता भलत्याच आळीत गेल्याचे ऐकू येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. किती कार्यकर्ते ते १५ टक्के मोजतात? १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा पै-पैचा हिशेब आपण चोख मागतो, त्यावरून भांडतोसुद्धा. त्याच्या निम्मी चिकाटी १ मेच्या ग्रामसभेत दाखवली तरी पुष्कळ होईल.

टिपणी हाती आली तर घाबरू नये. तिची भाषा सरकारी असते. 'आक्षेपाधीन रक्कम' म्हणजे जिच्या खर्चाबद्दल शंका आहे, कागदपत्रे हवी आहेत ती. 'वसूलपात्र रक्कम' म्हणजे जी जबाबदार माणसाकडून परत घ्यायची आहे ती. 'अनुपालन' म्हणजे पंचायतीने दिलेले उत्तर. ते रकाने कोरे असतील तर तेवढेच सभेत वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात नोंद करायला लावावी. ग्रामसभेपुढे टिपणी आली नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज ग्रामसेवकाकडे द्यावा. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तीस दिवस वाट पाहावी, मग अपील करावे.

त्या तरुणाने निघताना आम्हाला अर्जाचा नमुना मागितला. चहाच्या टपरीवर, वहीच्या पानावर आम्ही तो लिहून दिला. टिपणी मिळाली की महिलामंडळाला बोलावून विहारात सर्वांसमोर तिचे वाचन करायचे, असे त्याने ठरवले आहे. कठीण शब्द समजावून सांगायला आम्ही जाणार आहोत.