आधी उपयोग सांगा, मग पैसा?

संशोधनाला पैसा देताना ‘याचा रुग्णाला उपयोग काय?’ असे आधीच विचारण्याची रीत पडली आहे. पैसा करदात्यांचा असल्याने प्रश्न रास्त वाटतो. पण पेशींतील संदेशवहनाच्या अभ्यासात हीच अट घातली असती, तर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरची गोळी हाती आली नसती. १९७९ साली अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर विषाणूंच्या प्रथिनांवर काम करत होते. अमिनो आम्ले विद्युतप्रवाहाने वेगळी करायला घेतलेले द्रावण शिळे होते, त्याची आम्लता किंचित वाढली होती. ताज्या द्रावणात एकमेकांत मिसळून जाणारे दोन ठिपके त्यामुळे सुटे दिसले. नवा ठिपका कसला, हे ठरवण्यासाठी हंटर यांनी फॉस्फोटायरोसिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेले टायरोसिन हे अमिनो आम्ल, स्वतः तयार करून ताडून पाहिले. टायरोसिनवर फॉस्फेट चढवणारी प्रथिने अशी उजेडात आली. पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या अनेक कळा त्यांच्यात आहेत.

या ल्युकेमियात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे संशोधक जॅनेट राउली यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. त्या जोडातून बनणारे प्रथिन म्हणजे अशीच एक कळ, सतत चालू राहिलेली, हे पुढे कळले. ती कळ बंद करणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. योगायोगाला निधी कसा द्यायचा, असे कोणी म्हणेल. पण द्रावण कुठेही शिळे होऊ शकते. ठिपका ओळखायला आधीपासून त्या प्रश्नात बुडालेला माणूस लागतो, आणि निधी त्याला द्यायचा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या आजाराच्या मुळाशी एकच बिघाड आहे, बहुतेक कर्करोगांत अनेक, आणि एक वाट अडवली की पेशी दुसरी शोधतात. हे खरेच आहे. इमॅटिनिबलाही काही रुग्णांचा आजार दाद देईनासा होतो. मात्र प्रथिनात नेमका कोणता बदल झाल्यामुळे गोळी बसत नाही, हे याच अभ्यासाने सांगितले, आणि त्यावरून पुढची औषधे घडली.

भारतात ही गोळी परवडू लागली ती स्वस्त जेनेरिकमुळे, आणि १ एप्रिल २०१३ रोजी मूळ औषध कंपनी नोव्हार्टिसला पेटंट नाकारून सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी ठेवली. परंतु कायदा शोधलेले औषध स्वस्त ठेवतो. न शोधलेले देऊ शकत नाही. म्हणून निधी समित्यांना विनंती आहे: पेशींच्या मूलभूत अभ्यासाकडे आजाराचे नाव मागू नका. प्रश्न खोल आहे का आणि काम काटेकोर आहे का, एवढेच तपासा.