बेलाचा लाल ट्रक

वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स हे जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं गाव. पूर्वी ओळख लाकूडतोडीची आणि पावसाची. आता तिथल्या पर्यटक-केंद्रापाशी एक जुनाट लाल शेव्हरोले ट्रक उभा असतो आणि लांबून आलेल्या मुली त्याला टेकून फोटो काढून घेतात. ट्रक बेला स्वानचा. आणि बेला कादंबरीतली!

स्टेफनी मायरनं ‘ट्वायलाइट’ लिहायला घेतलं ते ॲरिझोनाच्या रखरखाटात. फोर्क्स तिनं पाहिलंही नव्हतं. तिच्या व्हॅम्पायरांची कातडी उन्हात चमचमते, तेव्हा त्यांना सदा ढगाळ गाव हवं. ते तिनं इंटरनेटवर शोधलं. २००५ मध्ये पहिलं पुस्तक आलं, २००८ मध्ये चौथं. त्याच वर्षी बेलाच्या व्हॅम्पायर प्रियकराच्या, एडवर्डच्या, बाजूनं लिहिलेल्या ‘मिडनाइट सन’चा अर्धवट खर्डा फुटला आणि मायरनं तो बाजूला ठेवला. पुस्तक आलं थेट २०२० मध्ये. शाळेत असताना मालिकेच्या नादी लागलेल्या मुली तोवर नोकऱ्यांना लागल्या होत्या.

एडवर्ड न विचारता बेलाच्या खोलीत शिरून रात्रभर तिला झोपलेली बघत बसतो. पंधराव्या वर्षी हे प्रेम वाटतं. तिशीत पुन्हा वाचताना अंगावर काटा येतो, तो व्हॅम्पायरमुळे नव्हे.

फोर्क्सजवळच्याच ला पुशला क्विल्यूट ही आदिवासी जमात राहते. लांडग्यांपासून माणसं घडली, अशी त्यांची उत्पत्तिकथा. मायरनं तीच उलटी फिरवून त्यांच्या पोरांचे लांडगे केले. ट्वायलाइटवेडे तिथेही पोचले. जमातीची खरी चिंता मात्र त्सुनामीची होती. समुद्राकाठची शाळा त्यांनी २०२२ मध्ये उंचावर हलवली.