केळ्यातील जुनी नोंद

उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथ मंदिर पुन्हा दिसू लागते. त्याच जलाशयाच्या काठच्या मळ्यांत पिकणाऱ्या केळ्यांतही एक प्राचीन अवशेष दडलेला आहे. तो पाहण्यास मात्र क्ष-किरणांची मदत घ्यावी लागते.

केळ्याच्या गरात शर्करेला धरून ठेवणारे लेक्टिन नावाचे प्रथिन असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. विजयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये त्याच्या रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच धाटणीच्या तीन घड्या मिळून हे प्रथिन बनते. फणसाच्या आठळीतील जॅकलिन या प्रथिनाची बांधणीही अशीच आहे.

एकच घडी तीनदा कशी आली? शास्त्रज्ञांचे अनुमान असे, की वहीतील नोंद उतरवून घेताना ती चुकून दोनदा लिहिली जावी, तशी जनुकाची जादा प्रत निघाली आणि मूळ प्रतीस जोडली गेली. हे पुन्हा घडले. एक प्रत नेमले काम करीत राहिली, की दुसरीस बदलण्याची मोकळीक मिळते. जॅकलिनमध्ये शर्करा धरण्याचे मुख्य स्थान तीनपैकी एकाच घडीत आहे. केळ्याच्या लेक्टिनमध्ये ते दोन घड्यांत आहे. शिवाय तिन्ही घड्यांतील अमिनो आम्लांच्या क्रमातील साम्य अद्याप पुसले गेलेले नाही.

मूळ नोंद हरपली, तरी तिन्ही प्रती ताडून पाहता तिचा माग लागतो. निसर्गानेही येथे कोऱ्या पानावर नवे खाते उघडले नाही. मागील शिल्लकच पुढे ओढली.