सरवा



सरवा म्हणजे काय हे घरातल्या जाणत्या बायांना सांगावे लागत नाही. पीक घरी आले, खळे झाले, की रानात जी चुकार कणसे, ओंब्या, शेंगा राहतात तो सरवा. भुईमूग निघालेल्या रानात हातात खुरपे घेऊन बसलेल्या आयाबाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. जमीनवाल्याने नांगर घालायच्या आत जे हाती लागेल ते त्यांचे. आज या सदरात सरव्याचीच गोष्ट सांगणार आहे. पण ती आपल्या मुलखातली नाही, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरची आहे.

माझी मुलगी आणि जावई एडिंबरोला नोकरीला आहेत आणि राहतात डनबार या समुद्रकाठच्या गावात. अर्जित रजा काढून मी आणि सौ. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत तेथे होतो. तेथला हा शरदऋतू, म्हणजे सुगी सरल्यानंतरचे दिवस. मुले कामावर गेली की आम्ही दोघे पायी नाहीतर बसने निघायचो. ज्याची हयात कृषी खात्यात गेली त्याचे पाय किल्ल्यापेक्षा बांधाकडे आधी वळतात, तसेच झाले. दुसऱ्याच्या बांधावरून चालताना प्रथम संकोच वाटला. पण तेथे २००३ च्या कायद्याने कोणालाही शेताच्या कडेने चालण्याचा हक्क दिला आहे. अट एवढीच की उभ्या पिकात शिरायचे नाही, फाटक उघडले तर लावून घ्यायचे आणि कोणाचे नुकसान करायचे नाही. काढणी झालेल्या रानातून मात्र खुशाल जावे.

पहिली गोष्ट हवापाण्याची. डनबारला वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या सोलापूर-अहिल्यानगरकडच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत पडतो जवळजवळ तेवढाच. मग तेथे दुष्काळ का दिसत नाही? कारण तो पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो आणि उन्हाला ताव नसल्याने जमिनीतली ओल उडून जात नाही. आपल्याकडे तेवढेच पाणी मोजक्या दिवसांत कोसळते आणि वाहून जाते. पावसाचा आकडा सारखा असला तरी पिकाचा हिशेब ओलीवर चालतो.

गव्हाचेही तसेच. तेथे गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढल्या ऑगस्टात काढतात. आपला गहू चार महिन्यांत घरी येतो, त्यांचा दहा-अकरा महिने रानात उभा असतो. तेव्हा हेक्टरी ८ ते ९ टन उतारा ऐकून कोणी डोळे पांढरे करू नयेत. तो लांबलेल्या थंड हंगामाचा आणि उन्हाळ्यातल्या लांब दिवसांचा प्रताप आहे.

आम्ही गेलो तेव्हा गहू आणि बार्ली, म्हणजे आपला सातू, निघून गेली होती. तांबूस मातीच्या रानात नुसती धसकटे आणि त्यांत पेंढ्याच्या मोठ्या गोल गासड्या. हा पेंढा जनावरांच्या अंथरुणाला आणि वैरणीला जातो.

डनबारजवळच ईस्ट लिंटन हे गाव आहे. तेथल्या पाणचक्कीवर अँड्र्यू मीकल नावाचा कारागीर होता. त्याने १७८६ च्या सुमारास मळणी यंत्र तयार केले. फिरणारा ढोल आणि त्यावर दाणे झोडपणाऱ्या पट्ट्या, हे त्या यंत्राचे तत्त्व. तुमच्या खळ्यावर येणारे मळणी यंत्र त्याच घराण्यातले. मीकलची समाधी गावच्या चर्चच्या आवारात आहे. त्याच्या यंत्राने कष्ट वाचले, पण हिवाळाभर धान्य झोडपून पोट भरणाऱ्या मजुरांचे कामही गेले. १८३० साली इंग्लंडच्या दक्षिण भागात मजुरांनी अशी यंत्रे फोडली ती याच पोटाच्या आगीने. आज त्या रानांत कंबाईन फिरते. कापणी, मळणी, उफणणी एकाच फेरीत. त्याच्या मागे जे थोडे दाणे सांडतात तेवढाच आता सरवा.

बटाट्याची गोष्ट आणखी जवळची वाटेल. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरात शाळांना सुट्टी असते. जुनी माणसे तिला अजून 'टॅटी हॉलिडेज' म्हणतात. टॅटी म्हणजे बटाटा. पूर्वी ही सुट्टी बटाटे वेचण्यासाठीच असे. यंत्र सरी उकलून पुढे जायचे आणि मागे ओळीने वाकलेली पोरे टोपल्या भरायची. रोजाचे पैसे मिळत, शिवाय एका वेळेला शिजतील एवढे बटाटे घरी नेता येत. आपल्याकडे सुगीत काम करणाऱ्याच्या पदरात शेर-पायली घालतात, तसाच हा रिवाज. आता हे काम यंत्रे करतात. पोरांची पाठ वाचली हे चांगलेच झाले.

कारण त्या कामाची दुसरी बाजू फार कडू आहे. आयर्लंडच्या गरीब किनाऱ्यांवरून मुकादमाबरोबर टोळ्या बटाटे काढायला स्कॉटलंडला येत आणि गोठ्यावजा खोल्यांत राहत. सप्टेंबर १९३७ मध्ये ग्लासगोजवळच्या किर्किन्टिलोक येथे अशाच एका निवाऱ्याला रात्री आग लागली आणि अकिल बेटावरून आलेली दहा पोरे त्यात गेली. धाकटे तेरा वर्षांचे होते. आपल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या आणि त्यांत झोपलेली लेकरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. आपल्या रानात टोळी उतरली असेल तर ती कोठे निजते, चूल कोठे पेटवते, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे.

यंत्राने काढलेल्या रानात बारके बटाटे राहतातच. ते पुढल्या वर्षी आपोआप उगवतात, दुसऱ्या पिकात तण होऊन बसतात आणि करपा व सूत्रकृमी यांना आसरा देतात. कडक हिवाळ्यात गोठून मरतात, पण हिवाळा सौम्य गेला तर जगतात. या सरव्याला तेथे एक गिऱ्हाईक आहे, ते येते आकाशातून.

डनबारहून समुद्रात बास रॉक नावाचा खडक दिसतो. उन्हाळ्यात गॅनेट या मोठ्या समुद्रपक्ष्यांनी तो पांढरा झालेला असतो. ऑक्टोबर उलटला की पक्षी दक्षिणेकडे जातात आणि खडक पुन्हा काळा पडतो. २०१४ साली तेथे सुमारे ७५ हजार जोड्या मोजल्या होत्या. २०२२ मध्ये बर्ड फ्ल्यूची साथ आली आणि २०२३ च्या मोजणीत आकडा सुमारे ५२ हजारांवर आला. कोंबड्या पाळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. रानपक्ष्यांची विष्ठा आणि पाणी आपल्या खुराड्याशी येऊ न देणे हीच पहिली खबरदारी.

गॅनेट जातात त्याच सुमारास उत्तरेकडून गुलाबी पायांचे कलहंस येतात. आइसलंड आणि ग्रीनलंडमध्ये वीण करून सप्टेंबरच्या मध्यापासून त्यांचे थवे उतरू लागतात. एका संध्याकाळी आम्ही बसने ॲबरलेडीच्या खाडीवर गेलो. १९५२ पासून ही खाडी राखीव आहे, स्थानिक निसर्गराखीव म्हणून ब्रिटनमधली पहिली. लाकडी पुलावर उभे राहिलो. सूर्य कलला आणि दूरवरून 'विंक-विंक' असा कालवा ऐकू आला. मग रांगांमागून रांगा, बाणाच्या टोकासारख्या, डोक्यावरून गेल्या आणि खाडीतल्या चिखलावर उतरल्या. हजारो पक्षी. दिवसभर ते धसकटाच्या आणि बटाट्याच्या रानात सरवा वेचतात आणि रात्री मुक्कामाला येथे येतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या जातीचे पक्षी लाखाच्याही आत होते, अलीकडे सुमारे पाच लाख मोजले गेले. शिकारीवरची बंधने आणि शेतातले खाद्य, दोन्हींचा हा परिणाम.

आपल्याकडेही हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावर पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून. ते याच कुळातले.

रस्त्याकडेच्या फाटकाशी एक शेतकरी भेटला. या पाहुण्यांबद्दल मी त्याला विचारले. तो म्हणाला, बटाट्याच्या रानात आले तर माझे कामच करतात, गव्हात आले की माझा गहू खातात. हंस एकच, शेत बदलले की पाहुण्याचा चोर होतो. धसकटातले दाणे संपले की ते कोवळ्या गव्हावर आणि गवतावर उतरतात, मग शेतकरी गॅसची तोफ वाजवून त्यांना हाकलतो. एप्रिलपर्यंत हा खेळ चालतो.

आता खरी गोम सांगतो. पूर्वी बहुतेक पीक वसंतात पेरत, त्यामुळे धसकटे सारा हिवाळा रानात राहायची. आता ऑगस्टात काढणी आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच रानात पुन्हा गव्हाची पेर. सरवा मातीआड जातो. मोठे हंस गवत खाऊन निभावतात, पण दाण्यावर जगणाऱ्या बारक्या पाखरांचे हाल होतात. धान्याच्या रानातला भारीट एके काळी स्कॉटलंडभर होता. आता पूर्वेकडच्या फाइफ, अँगस, ॲबर्डीनशायर अशा काही भागांतच आणि पश्चिमेच्या बेटांवर थोडा उरला आहे. म्हणून सरकारी योजनेतून तेथील शेतकऱ्यांना पैसे दिले जातात. कशासाठी, तर हिवाळाभर धसकटे तशीच ठेवण्यासाठी आणि पाखरांसाठी दाण्याचा पट्टा पेरून तो न कापण्यासाठी. आपले वाडवडील पाखरांचा वाटा म्हणून चार कणसे सोडत, देवळाच्या तुळईला कणसांची झुंबरे टांगत. तो वाटा तेथे आता पैसे मोजून परत आणावा लागतो आहे.

समुद्राचाही सरवा असतो. शरदातल्या वादळानंतर डनबारच्या किनाऱ्यावर केल्प नावाच्या शेवाळाचे ढीग येऊन पडतात, गुडघ्याएवढे. जाड चामड्याच्या पट्ट्यांसारखी पाने आणि वास असा की आमच्या सौ.नी पदर नाकाला लावला. या किनाऱ्यावरचे शेतकरी पूर्वी घोडागाड्या भरून ते शेतात नेत. पश्चिमेकडच्या युइस्ट बेटांवर वाळूच्या हलक्या जमिनीत ते आजही पसरतात. त्यात पालाश भरपूर, स्फुरद कमी, तणाचे बी नाही आणि कुजते लवकर. आपल्याकडे समुद्री शेवाळाचा अर्क बाटलीतून विकला जातो. अशी जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटलीवरचा मजकूर वाचून, पावती घेऊनच ती घ्या. ती खताची जागा घेत नाहीत.

भगिनींसाठी कुंपणाचा सरवा. तेथे शेताला काटेरी झुडपांची जिवंत कुंपणे आहेत. सप्टेंबरात ती काळ्या रानबेरींनी लगडतात. करवंदाच्या जाळीत हात घालावा तसा हात घालायचा, ओरखडे निघतातच. जुनी समजूत अशी की २९ सप्टेंबरनंतर ही फळे खाऊ नयेत, सैतान त्यांवर थुंकतो. खरे कारण ओल आणि बुरशी. या फळात पेक्टिन कमी, म्हणून जेली घट्ट होण्यासाठी त्यात आंबट सफरचंद घालतात. आपणही स्ट्रॉबेरीच्या जॅमला लिंबू घालावे, आणि जेली शिकायची तर पेरू किंवा कवठापासून सुरुवात करावी. त्यांत पेक्टिन मुबलक असते. त्याच कुंपणात रानगुलाबाची लाल फळे असतात. दुसऱ्या महायुद्धात संत्री येणे बंद झाले, तेव्हा शाळेतल्या पोरांनी ही फळे गोळा केली आणि त्यांचा पाक 'क' जीवनसत्त्वासाठी बाळांना दिला गेला. आपल्या बांधावरचा आवळा याच कामाचा, आणि गुणाने कमी नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथे घड्याळे एक तास मागे घेतात. मग संध्याकाळी साडेचारलाच दिवेलागण होते आणि हिंडणे आटपते. आम्हीही त्यानंतर परतीच्या तयारीला लागलो.

आता तुमच्या रानाचे. सोयाबीन आणि गव्हात कंबाईन आपल्याकडेही आले आहे. ते येऊ नये असे मी म्हणणार नाही, मजुरीचे गणित मला ठाऊक आहे. पण तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. काढणीनंतर काडी लावू नका. उसाचे पाचट हेक्टरी ८ ते १० टन निघते, ते सरीत कुजवा. ज्वारी-बाजरीची बांधाकडची एखादी ओळ पाखरांसाठी सोडा. आणि कोणी म्हातारी सरवा वेचायला आली, तर रोटाव्हेटर दोन दिवस उशिरा घाला. त्या दोन दिवसांनी तुमचे काही अडत नाही, तिचे पीठ-मीठ मात्र त्यावर असते.

तुमच्या गावी सरवा अजून कोण वेचते, आणि कोणत्या पिकाचा, हे पत्राने जरूर कळवा.