नवी बॅटरी हा पुरावा नव्हे

सकाळी ट्रक सेल्फ घेत नाही म्हटले की पहिला संशय बॅटरीवर जातो. जुन्या टाटा किंवा लेलँडच्या जड गाडीत १२ व्होल्टच्या दोन मोठ्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. ही जोडी बदलायची तर एकाच गाडीवर पोट असणाऱ्या चालक-मालकाची कित्येक भाड्यांची शिल्लक संपते. तरीही ती बदलली जाते. गाडी झटक्यात सुरू होते आणि सगळ्यांची खात्री पटते की दोष बॅटरीचाच होता.

ही खात्रीच फसवी आहे. नवी बॅटरी दुकानातून भरलेली येते. अल्टरनेटर मेलेला असला तरी ती काही दिवस सेल्फ फिरवणारच. त्यात जुन्या डिझेल इंजिनाची एक खोड अशी की त्याला चालू राहायला वीज लागत नाही. पंप यांत्रिक, बंद करायलाही स्टॉपची वायर ओढायची. एकदा सुरू झालेला ट्रक चार्जिंग शून्य असताना दिवसाउजेडी नाशिकहून मुंबईला आरामात पोहोचतो. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा जळून गेलेला असेल तर चालकाला काही कळण्याचा मार्गच उरत नाही. दोन रात्री हेडलाइट लावून गाडी चालली की नवी जोडीही उतरते, आणि या वेळी दोष बॅटरीवाल्यावर येतो.

म्हणून पाना उचलण्याआधी कान द्यावा. बटण दाबल्यावर भराभर कट-कट-कट आवाज आला, तर सोलेनॉइड ओढला जातो आहे, पण भार पडताच व्होल्टेज कोसळून तो सुटतो आहे. इथे बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल. एकच जोरदार ‘खट्’ होऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा सेल्फमधले कार्बन ब्रश तपासावेत. सेल्फ घरघरतो पण इंजिन हलत नाही, तर दोष पिनियनच्या बाजूला, विजेशी त्याचा संबंध नाही. इंजिन चांगल्या वेगाने फिरूनही पेट घेत नसेल, तर सायलेन्सरकडे बघावे. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचते आहे, पण जळत नाही. धूरच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही, लाइनमध्ये हवा धरली असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीची बॅटरी बदलून काय होणार?

कानानंतर मीटर. साधा डिजिटल मल्टीमीटर टायरच्या पंक्चरइतक्या किरकोळ खर्चात मिळतो, आणि तरीही कितीतरी गॅरेजांत अजून टेस्ट लॅम्पवरच निदान होते. दिवा पेटला म्हणजे ‘करंट आहे’, एवढेच तो सांगतो. किती आहे, हे सांगत नाही. रात्रभर उभ्या गाडीत प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजावी. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना प्रत्येकीने साधारण ९.६ व्होल्टच्या वर टिकले पाहिजे. भरलेली बॅटरी जर या वेळी कोसळत असेल, तर ती खरोखर बदलायची वेळ आलेली आहे.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो तारांमध्ये, कारण तारेकडे कोणी बघत नाही. मोठा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ३०० अँपिअर जाताना वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी ३ व्होल्ट तिथेच जिरतात. एवढा अडथळा निर्माण करायला टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी किंवा लगच्या आत सडलेले तांबे पुरते. तपासणी दोन मिनिटांची आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर. सहकाऱ्याने सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर त्या तारेत खोट आहे. तसेच अर्थच्या बाजूने, बॅटरीच्या ऋण खांबापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत.

अर्थची बाजू तर नेमाने विसरली जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे करंटला चासीत परतायला वेणीसारखी विणलेली एक पट्टी लागते. क्लच-गिअरबॉक्सच्या कामात ती काढली जाते आणि परत बसवायची राहते. बॉडीला रंग देताना तिच्या बोल्टखाली रंगाचा थर बसतो. मग करंट मिळेल त्या वाटेने परततो, आणि सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची वायर गरम लागते. ही खूण ज्याला माहीत आहे तो मिस्त्री मालकाचे हजारो रुपये वाचवतो.

आपल्याकडच्या ट्रकमध्ये आणखी एक घरचाच रोग आहे. म्युझिक सिस्टीम, मोबाइल चार्जर आणि केबिनमधला पंखा १२ व्होल्टवर चालतात. म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार काढली जाते. अल्टरनेटरला मात्र दोघींची बेरीज दिसते. एकूण २८ व्होल्ट अगदी बरोबर असताना एकीवर १२.८ आणि दुसरीवर १५.२ असू शकतात. पहिली कायम उपाशी राहून सल्फेट धरते, दुसरीचे पाणी उकळून उडते. पुढे त्यातली एकच बदलतात, आणि जुनी-नवी जोडी लवकरच दोघींनाही संपवते. २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर बसवला की हा प्रकार थांबतो. बॅटरीच्या किमतीपुढे त्याची किंमत फारच थोडी.

चार्जिंग मोजताना इंजिनाचा वेग वाढवून जोडीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत, आणि हेडलाइट लावल्यावरही ते फारसे घसरता कामा नयेत. कमी दिसले तर आधी बेल्ट, मग जोडण्या, मग अल्टरनेटर. मात्र चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून ‘डायनामो मारतोय का’ हे बघण्याची जुनी पद्धत ताबडतोब सोडली पाहिजे. ती खऱ्या डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात, आणि तार सुटताच उसळणारे व्होल्टेज ते जाळू शकते. म्हणजे तपासणीनेच धडधाकट भाग मरतो.

काही वेळा तर काहीच बिघडलेले नसते. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात उसाचे ट्रक तासन् तास रांगेत असतात. दहा फूट पुढे सरकायला सेल्फ, पुन्हा बंद, पुन्हा सेल्फ, वर रात्रीचे दिवे आणि गाणी. गेलेला चार्ज भरून येण्याइतके इंजिन चालतच नाही. अशा गाडीला नवी बॅटरी नको, बाहेरच्या चार्जरवर एक रात्र हवी.

हे ज्ञान दुर्मिळ नाही. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेलच्या मुलांना बॅटरी, सेल्फ आणि अल्टरनेटर शिकवले जातात. अडचण बाजाराच्या रिवाजात आहे. मिस्त्रीला पैसे मिळतात ते वस्तू बदलल्याचे. अर्धा तास मीटर लावून त्याने सांगितले की ‘फक्त पट्टी घासून बसवा’, तर मालक चहा पाजतो आणि निघतो. तोच मिस्त्री पुढच्या वेळी सेल्फ उतरवू लागला, तर सगळा दोष त्याच्या माथी कसा मारायचा? तपासणीची मजुरी वेगळी ठरली पाहिजे, आणि दोष किरकोळ निघाला तरी ती दिली गेली पाहिजे. वाहतूकदारांच्या संघटनांनी गॅरेजवाल्यांशी बसून असा दर ठरवणे अवघड नाही. बॅटरी विकणाऱ्यानेही बिलावर चार आकडे लिहावेत: दोन्ही जुन्या बॅटऱ्यांचे उभ्या गाडीतले व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि नवी जोडी बसवल्यावरचे चार्जिंग. ज्या बिलावर हे आकडे नाहीत, त्याचे पैसे देण्याआधी मालकाने ते मागून घ्यावेत.